‘गावाकडची’ मराठी : रुपेरी पडद्यावरील एका बोलीची घडण

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात ग्रामीण कादंबरी शिकवत असताना विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले होते. खेड्यातला माणूस रंगमंचावर आला आहे असे समजून त्याच्या तोंडी चार वाक्ये घालावीत, एवढेच. वर्गात सोलापूरकडचे विद्यार्थी होते, मराठवाड्यातले होते, एक मुलगा यवतमाळ जिल्ह्यातला होता. या मुलाच्या घरी ‘मले’, ‘तुले’ असेच बोलले जाते. मधल्या सुट्टीत त्याच्या तोंडून तेच ऐकू येई. पण त्याने लिहिलेला खेडूत ‘व्हय की’, ‘लई’, ‘कवा’ असे बोलत अवतरला. कारण विचारले तेव्हा तो किंचित गोंधळून म्हणाला, ‘सर, गावाकडचा माणूस म्हटल्यावर असाच बोलणार ना?’ स्वतःचे गाव त्याला ‘गाव’ वाटत नव्हते. गाव त्याने पडद्यावर पाहिले होते.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा ‘असाच’ आहे. मराठी चित्रपटात ‘ग्रामीण’ म्हणून ओळखली जाणारी भाषा कोणत्या प्रदेशातून आली, तिच्यात काय घेतले गेले आणि काय गाळले गेले, आणि तिच्या आधारे माणसांचे कोणते साचे उभे राहिले, याचा येथे विचार करावयाचा आहे. हिंदी चित्रपटातली मराठी मोलकरीण किंवा मराठी हवालदार पाहून आपण दुखावतो, आणि ते योग्यच आहे. मात्र आपल्याच चित्रपटाने आपल्याच बोलींशी जो व्यवहार केला त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तो व्यवहार इतका घरचा आहे की तो व्यवहार आहे हेच जाणवत नाही.

पात्राच्या भाषेवरून त्याची पायरी ठरवण्याचा संकेत चित्रपटाने निर्माण केलेला नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो. राणी, सखी आणि विदूषक प्राकृत बोलतात. शकुंतला आणि कण्व एकाच आश्रमात राहतात, पण त्यांच्या भाषा वेगळ्या. त्या प्राकृतातही संवादाला शौरसेनी आणि गीताला महाराष्ट्री अशी वाटणी होती. म्हणजे भाषा ही पात्राच्या जन्मभूमीची नव्हे, तर त्याच्या पात्रतेची खूण मानली गेली. मराठी बोलपटाशी याचा थेट वंश जोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा आरंभ झाला तेव्हा नटाला बोलते करण्याचा जो अनुभव हाताशी होता तो संगीत नाटकाचा होता, आणि त्या नाटकाच्या रक्तात हा संकेत मुरलेला होता, एवढे म्हणता येते.

‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटाकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा सौम्य, पुष्कळसे ग्रांथिक वळणाचे मराठी बोलतात. गौरीबाईंची जिजाई मात्र ठसक्याने, तोडून, रांगडे बोलते. देवाशी भांडतानाही तिची जीभ अडखळत नाही. आणि सालोमालोची वाणी नाटकी, फुगवलेली, दुसऱ्याचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या माणसाला शोभेल अशी. नवरा-बायको एका घरातली, एका जातीची, एका देहूची. तरीही संत पुस्तकासारखा बोलतो आणि बायको गावासारखी. या विभागणीचा तोटा झाला असे मात्र म्हणवत नाही. चित्रपटातले सर्वांत जिवंत बोलणे जिजाईचे आहे, आणि आज तो पाहताना तुकोबांची भक्ती आपण मान्य करतो, पण बाजू जिजाईची घेतो. साचा अजून घट्ट झालेला नव्हता. गावाची भाषा बोलणारे माणूस येथे हास्यास्पद नाही. ते संसाराच्या बाजूने उभे आहे.

साचा घट्ट झाला तो पुढच्या दशकात, आणि त्याला भूगोलाचे कारण आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून कोल्हापूर हे मराठी चित्रपटाचे माहेर. ‘प्रभात’ तेथेच १९२९ साली जन्मली आणि १९३३मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापुरात राहिला. १९४७ साली दोन चित्रपट आले. दिनकर द. पाटील यांचा ‘जय मल्हार’, ज्याच्यापासून ग्रामीण चित्रपटाची परंपरा मोजली जाते, आणि राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’, ज्याने तमाशाला पडद्यावर प्रतिष्ठा दिली. गाव आणि तमाशा ही जोडी येथून पुढे सुमारे तीन दशके सुटली नाही. लिहिणारे हातही एकाच पट्ट्यातले होते. माडगूळकर बंधू माणदेशातले. शंकर पाटील, अनंत माने, जगदीश खेबूडकर ही मंडळी कोल्हापूरच्या परिसरातली. त्यांनी आपल्या कानावर पडलेले मराठी लिहिले. यात गैर काहीच नव्हते. लेखकाने दुसरे काय करावे?

गैर घडले ते त्या मराठीला मिळालेल्या नव्या हुद्द्यात. एका प्रदेशाची बोली ‘ग्रामीण महाराष्ट्रा’ची बोली झाली. याचे उत्तर केवळ लेखकांच्या जन्मगावांत सापडत नाही. चित्रपटाच्या बाजारपेठेचा नकाशाही पाहावा लागतो. चित्रपटवितरणाचा धंदा ज्या ‘सर्किटां’त वाटला गेला ती ब्रिटिशकालीन प्रांतरचनेवर आखलेली आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ सी. पी. बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. १ मे १९६० रोजी राज्य एक झाले. धंद्याचा नकाशा एक झाला नाही. मराठी चित्रपटाचा हुकमी प्रेक्षक मुख्यतः सातारा-सांगली-कोल्हापूर-पुणे या भागात, आणि त्याच भागातून व कोकणातून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या कामगारांत होता. ज्याच्या खिशातून तिकिटाचे पैसे येणार त्याच्या कानाला ओळखीची भाषा पडद्यावर येणे स्वाभाविक होते. अमरावती किंवा नांदेडच्या प्रेक्षकाला पडद्यावर आपले गाव दिसले नाही याचे एक कारण इतके व्यावहारिक आहे. साहित्यसमीक्षा ‘अनुभवविश्वा’ची चर्चा करते तेव्हा अशा कारणांकडे पाठ फिरवते, म्हणून ते मुद्दाम नोंदवले.

आता या भाषेच्या अंतरंगाकडे वळू. दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीची काही ध्वनिवैशिष्ट्ये कानाला लगेच जाणवतात. ‘ए’चा ‘या’ होतो : देव - द्याव, तेल - त्याल, शेत - श्यात. ‘ओ’चा ‘वा’ होतो : चोर - च्वार, गोड - ग्वाड, पोर - प्वार. आरंभीच्या स्वरापुढे ‘य’ किंवा ‘व’ येतो : येक, वठ. ‘ण’चा ‘न’ होतो, पण ते वैशिष्ट्य महाराष्ट्रभर पसरलेले असल्याने प्रदेशाची नव्हे तर वर्गाची खूण ठरते. चित्रपटाने यांतली निवडक रूपे उचलली. ‘न’ हमखास उचलला. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘हाय’, ‘लई’, ‘कवा’, ‘मंग’, ‘म्या’ असे डझनभर शब्द उचलले. ‘द्याव’ आणि ‘त्याल’ यांची पेरणी नटाच्या जिभेला झेपेल तेवढीच केली. यातून जे तयार झाले ती बोली नव्हे. प्रमाण मराठीच्या सांगाड्यावर चढवलेला तो वेश होता. वाक्यरचना शहरी, क्रियापदांची घडण शहरी, आणि वर पागोटे.

हे म्हणणे तपासण्यासाठी एक कसोटी वापरता येते. कोल्हापूर आणि सीमाभागातील बोलीचे सर्वांत ठळक व्याकरणिक वैशिष्ट्य कोणते? तेथील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना क्रियापदाचे पुल्लिंगी रूप वापरतात : ‘मी आलो’, ‘मी जातो’. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो; त्या शेजाराचा हा परिणाम मानला जातो. दुसरे वैशिष्ट्य अपूर्ण काळाचे : ‘करालाय’, ‘बोलालाय’. कोल्हापुरात राहिलेल्या कोणालाही ही रूपे परिचित आहेत. परंतु कोल्हापुरात चित्रित झालेल्या, कोल्हापूरकरांनी लिहिलेल्या तमाशापटांतील नायिका ‘मी आलो’ म्हणताना मला जवळजवळ आढळलेली नाही. ती ‘म्या आले’ म्हणते. उच्चार गावाचा, लिंगव्यवस्था पुण्याच्या व्याकरणाची. पुल्लिंगी क्रियापद वापरणारी नायिका प्रेक्षकाला शृंगारिक वाटली नसती, अशी भीती कोणी बोलून दाखवली असेल असे नाही. ती न बोलताच पाळली गेली असावी. बोलीतले जे ‘चुकीचे’ पण गोड ते घेतले आणि ज्याने स्त्रीत्वाच्या रूढ कल्पनेलाच धक्का बसेल ते गाळले, असा माझा निष्कर्ष आहे.

इतर बोलींची तर दखलच नव्हती. वऱ्हाडीतला ‘ळ’चा ‘य’ (डोळा - डोया), चतुर्थीचे ‘मले-तुले’, मराठवाड्याचे ‘काय करायलास’, अहिराणीचे ‘शे’, मालवणीचे ‘माका-तुका’ आणि ‘खंय’ : यांतले काही पडद्यावर आलेच तर एखाद्या दृश्यापुरते, बहुधा हशा पिकवण्यासाठी. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकात कुडाळी, कुणबी अशा बोलींचे वर्णनात्मक अभ्यास सिद्ध केले. ना. गो. कालेलकरांनी बोली ही प्रमाणभाषेची बिघडलेली आवृत्ती नव्हे हे सोप्या मराठीत पुन्हापुन्हा समजावून दिले. हे ज्ञान विद्यापीठांत साठत असतानाच पडद्यावर एकच ‘गावंढळ’ मराठी स्थिर होत होती, आणि या दोन घटनांची एकमेकींशी गाठ पडली नाही.

बोलीपेक्षा अधिक बेमालूमपणे पुसली गेली ती जात. तमाशाचे फड उभे केले ते मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पासून ‘पिंजरा’ (१९७२) पर्यंतच्या तमाशापटांत नाचणाऱ्या स्त्रीचे शोषण हा विषय आहे. पण तिच्या बोलण्यात तिच्या वस्तीचा मागमूस नाही. ती पाटलाच्याच मराठीत पाटलाला उत्तर देते. ‘ग्रामीण’ या विशेषणाने गावातली सर्व माणसे एका जिभेची केली. गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे बोलणे यांतला फरक ज्याने ऐकला आहे त्याला हे एकजिनसीपण निरागस वाटणार नाही. ‘पिंजरा’त तर भाषेची मांडणीच चित्रपटाचा कणा आहे. मास्तरांचे शुद्ध, आदर्शवादी मराठी एका बाजूला आणि फडाचे मराठी दुसऱ्या बाजूला. शील आणि शुद्धलेखन एकत्र नांदतात, अधःपात बोलीकडे उतरतो. कथेचे मूळ ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटात आहे. परंतु हे नैतिक व्याकरण मात्र अस्सल आपले.

पाटलाचा साचा निळू फुल्यांनी घडवला असे सर्रास म्हटले जाते, आणि त्यात एक विनोद दडलेला आहे. फुले पुण्याचे, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) मधल्या झेले अण्णांपासून त्यांनी जी भाषा कमावली ती त्यांची जन्मबोली नव्हती. ती निरीक्षणातून आलेली होती. म्हणूनच की काय, ती साच्याच्या पलीकडे जाऊ शकली. जब्बार पटेल-तेंडुलकर यांच्या ‘सामना’त (१९७५च्या बर्लिन महोत्सवात हा दाखवला गेला) त्यांचा हिंदूराव धोंडे पाटील हळू बोलतो, लाघवी बोलतो, शब्द चघळत बोलतो. साखर कारखान्याच्या काळातला हा पाटील आरडाओरडा करीत नाही. त्याची बोली अडाणीपणाची खूण नसून सत्तेची आहे. मारुती कांबळेचे काय झाले हा प्रश्न प्रमाण मराठीत विचारला जातो आणि त्याला टोलवणारे मौन बोलीत असते. मराठी चित्रपटात बोलीला प्रमाणभाषेहून वरचढ जागा मिळाली ती प्रथम येथे, मात्र ती खलनायकाच्या मुखी. पुढे नकलाकारांनी या पाटलाची एक-दोन वाक्यांची पुरचुंडी केली आणि ‘वाडा’ म्हटले की लोक हसू लागले. हिंदूरावाला हसणे सोपे नव्हते. त्याच्या नकलेला हसणे सोपे आहे.

दादा कोंडक्यांविषयी आपल्या समीक्षेने एकतर नाक मुरडले किंवा अलीकडे भलताच जयजयकार केला. ते नायगावात, गिरणगावाच्या कुशीत वाढले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून पुढे आले. ‘सोंगाड्या’तील (१९७१) नाम्या हा भोळसट आहे, ‘आये’च्या पदराला धरून आहे, आणि त्याची भाषा कोणत्याच एका तालुक्याची नाही. ती चाळीची आहे, जेथे भोरकडचा, साताऱ्याचा आणि कोकणातला माणूस एका जिन्यावर भेटतो. मला वाटते, गावंढळ ठरवल्या गेलेल्या माणसाने तो शिक्का स्वतःच कपाळावर लावून घेऊन शहाण्यांची फजिती करावी, हे या चित्रपटांचे सामर्थ्य होते. त्यांची मर्यादाही तीच. शिक्का पुसला गेला नाही. तो करमणुकीचे भांडवल झाला. ‘पांडू हवालदार’ (१९७५) नंतर एका व्यवसायाचे टोपणनावच त्यातून रूढ झाले. ऐंशीच्या दशकातील शहरी विनोदपटांत हीच भाषा नोकर, रखवालदार आणि गावाहून अवचित आलेला मामा यांच्या वाट्याला गेली. त्या काळाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

याच काळात साहित्यात काय घडत होते हे पडताळून पाहिले तर अंतर स्पष्ट होते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी संवाद कादंबरीच्या केंद्रस्थानी आले. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) तर निवेदकच बोलीत बोलू लागला. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत ही ग्रामीण कथेची जुनी वाटणी तेथे मोडली. पाहणारा शहाणा आणि पाहिला जाणारा गावंढळ, हे नाते त्या वाटणीत गृहीत होते. चित्रपटात निवेदकाची जागा कॅमेऱ्याची असते. पात्र कितीही अस्सल बोलो, कॅमेरा जोपर्यंत बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखा गाव न्याहाळतो, तोपर्यंत त्या बोलण्याला भिंग लावलेलेच राहते. चित्रपटाचा ‘गोतावळा’ म्हणूनच उशिरा आला.

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने (२००९) विदर्भातल्या शेतकरी-आत्महत्यांचा विषय वऱ्हाडी वळणाच्या मराठीत मांडला. तेथे ‘मले’ ऐकून कोणाला हसू येत नाही, कारण शेजारी प्रमाणभाषा बोलून तुलना पुरवणारे कोणी नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) प्रश्न आणखी खोल जातो. शीर्षकाचा शब्द मराठी नाहीच. कैकाडी भाषेत तो डुकराला म्हणतात, आणि कैकाडी ही द्राविडी कुळातली. जब्याच्या घरात काही जागी ती बोलली जाते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) वाचकाला या समाजाची ओळख करून दिली होती, पण वाचणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. शाळेत मराठी, घरी कैकाडी, आणि गावातली पोरे जब्याला चिडवतात ती त्याच्या घरच्या शब्दाने. घरातला साधा नामनिर्देश गावात येताच शिवी होतो. बोली, भाषा आणि जात यांचा संबंध इतक्या थोडक्यात कोणत्या ग्रंथाने सांगितला आहे? ‘ग्रामीण मराठी’ नावाची एकसंध वस्तू अस्तित्वात नाही हे येथे कोणी बोलून दाखवत नाही. ते कानावर पडते.

‘सैराट’मधल्या (२०१६) आर्चीविषयी इतके लिहिले गेले आहे की भर घालणे संकोचाचे वाटते. तरी एक गोष्ट नोंदवावी. आर्ची पाटलाची मुलगी आहे, आणि तिच्या तोंडची हुकमी, समोरच्याला गप्प करणारी भाषा ही वाड्याचीच भाषा आहे. पडद्यावर इतकी वर्षे जो रुबाब पाटलाकडे होता तो प्रथमच मुलीकडे आला, आणि अकलूजच्या मुलीने तो आपल्याच बोलीत पेलला. प्रेक्षकाने ज्यावर टाळ्या वाजवल्या तो काही अंशी जातीचाच आत्मविश्वास होता, हे टाळ्यांच्या आवाजात विसरले गेले. मंजुळे ते विसरलेले दिसत नाहीत. उत्तरार्धात ते तिला हैदराबादेत नेतात. तेथे तिची मराठी फारशी कोणाला कळत नाही. वाडा नाही, बुलेट नाही, हुकूम ऐकणारे कोणी नाही. बाटल्यांच्या कारखान्यात काम करीत ती तेलुगू शिकते. तिचे बोलणे कमी होत जाते आणि बोलण्यातला ताठा उतरतो.

त्यानंतरची हकीकत मात्र पुन्हा जुन्या वळणाची आहे. ‘सैराट’च्या यशानंतर मालिकांतून आणि विनोदी कार्यक्रमांतून आर्चीसारखे बोलणाऱ्या मुलींची रांग लागली, करमाळा-अकलूजकडची लकब ‘गावरान’ म्हणून सर्व जिल्ह्यांना लागू झाली. हिंदी रूपांतरात, ‘धडक’मध्ये (२०१८), कथा उदयपूरला गेली आणि जिभेचा प्रश्न सजावटीत विरघळला. यवतमाळच्या त्या विद्यार्थ्याच्या जागी आज दुसरा कोणी असेल तर त्याने लिहिलेला गावाकडचा माणूस ‘व्हय की’ म्हणणार नाही कदाचित. तो आर्चीसारखे बोलेल. ‘मले’ म्हणेल की नाही, याविषयी मला खात्री नाही.